विजापूर पाहावे कसे? पाण्याच्या मागाने

मित्रहो, विजापूरला एका दिवसात काय काय पाहून होईल, असा प्रश्न गेल्या महिन्याभरात चौघांनी विचारला. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर देण्यापेक्षा हा धागाच लिहितो आहे. तो थोडा लांबणार आहे, आणि गोलघुमट त्यात बराच उशिरा येणार आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागून ठेवतो.

माझे पहिले विजापूर शाळेच्या सहलीतले. सोलापूरहून एसटीने निघालो, गोलघुमटाच्या अरुंद जिन्यांनी धापा टाकत वर चढलो, सज्जात उभे राहून मनसोक्त ओरडलो, आणि प्रतिध्वनी सात वेळा येतो की दहा वेळा यावर भांडत खाली उतरलो. मलिक-ए-मैदान तोफ, इब्राहिम रोजा, मग परत गाडीत. दुसऱ्यांदा गेलो तो पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रबंधिकेसाठी, एप्रिल महिन्यात. सकाळी दहानंतर दगडावर हात ठेववत नव्हता. बाटलीतले पाणी केव्हाच संपले होते. मक्का दरवाजाजवळ ताज बावडीच्या कमानीखाली सावलीला टेकलो, तेव्हा एक अगदी साधा प्रश्न प्रथमच मनात आला. या कोरड्या माळावर जवळजवळ दोनशे वर्षे एक राजधानी नांदली, ती नेमक्या कोणाच्या पाण्यावर?

नकाशा उघडून पाहा. उत्तरेला भीमा, दक्षिणेला कृष्णा, आणि विजापूर या दोहोंपासून दूर, मधल्या उंचवट्यावर. दक्षिणेकडून वाहणारी डोण नदी राजधानीची तहान भागवील अशी नव्हे. पाऊस बेताचा, तोही लहरी. जमिनीखाली काळा कातळ. राजधान्या सहसा नदीकाठी वसतात असे आपण भूगोलाच्या पुस्तकात वाचतो. विजापूर तो नियम सरळ मोडते.

कल्याणीच्या चालुक्यांच्या काळापासून येथे विजयपूर नावाचे ठाणे होते. पुढे ते यादवांकडे, खलजींकडे आणि नंतर बहमनींकडे गेले. बहमनी सत्ता खिळखिळी झाल्यावर १४९० च्या सुमारास युसुफ आदिलखानाने येथे स्वतंत्र कारभार सुरू केला. सुरुवातीच्या पिढ्यांचे विजापूर म्हणजे मुख्यतः मधला बालेकिल्ला, ज्याला आजही ‘अर्क किल्ला’ म्हणतात, आणि त्याभोवतीची वस्ती. एवढ्या वस्तीला विहिरी पुरत असाव्यात. चित्र पालटले ते १५६५ नंतर. तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव झाला, दक्षिणेतील संपत्ती आणि माणसे दोन्ही विजापूरकडे वळली, आणि शहर फुगू लागले.

तालिकोटचा हा सुलतान म्हणजे पहिला अली आदिलशाह. त्याच्या नावावर तीन मोठी कामे आहेत. सुमारे १० किलोमीटर परिघाचा, ९६ बुरुजांचा तट. जामा मशीद. आणि तिसरे, ज्याच्याकडे पर्यटक ढुंकूनही पाहत नाहीत, ते म्हणजे तोरवीचे पाणी. तोरवी हे गाव शहराच्या पश्चिमेस पाचएक किलोमीटरवर आहे. तेथील ओढ्याचे आणि जमिनीखालील झऱ्यांचे पाणी एकत्र करून ते भुयारी वाटेने शहरात आणले गेले. या वाटेवर ठराविक अंतराने उभे झरोके खोदलेले होते. पुण्याच्या कात्रज नळाची माहिती असणाऱ्यांना ‘उच्छ्वास’ हा शब्द परिचित असेल, तीच गोष्ट. याच झरोक्यांतून खोदकामाचा दगड वर काढायचा, पुढे त्यांतूनच आत उतरून गाळ उपसायचा, आणि वाटेवरच्या वस्तीने त्यांतून पाणीही शेंदायचे.

हे सांगायला सोपे आहे, करायला नाही. पाणी केवळ उतारावर वाहायचे, पंप नाही, रहाटही नाही. उतार जास्त झाला तर पाणी वाट खरवडत नेते. कमी झाला तर गाळ साचून वाट बुजते. काही किलोमीटर लांबीत, कातळाच्या पोटात, डोळ्यांना दिसणार नाही असा उतार साधणारी माणसे सोळाव्या शतकात विजापुरात होती. त्यांची नावे एकाही तवारिखेत मला सापडली नाहीत. सुलतानाने कोणत्या दिवशी कोणता पोशाख घातला हे मात्र सापडते.

दुसरी योजना ऐंशीएक वर्षांनंतरची. मुहम्मद आदिलशाहाच्या कारकिर्दीत शहराच्या दक्षिणेला १६५१ मध्ये बेगम तलाव बांधला गेला. येथून पाणी मातीच्या भाजलेल्या नळांतून शहरात येई. हे नळ एकात एक बसवून भोवती चुना-दगडाचा जाड थर दिलेला असे. आपल्याकडे अहमदनगरच्या निजामशाही पाणीपुरवठ्याला ‘खापरी नळ’ म्हणतात. विजापूरचे नळ त्याच कुळातले. औरंगाबादची मलिक अंबरची नहरही याच घराण्यातली म्हणायला हरकत नाही. दख्खनच्या या राजधान्या रणांगणात एकमेकींच्या वैरी होत्या, पण पाण्याचे तंत्र त्यांनी एकमेकींपासून बिनदिक्कत उचललेले दिसते.

विजापूरच्या गल्ल्यांतून फिरताना मध्येच एखादा चौकोनी, जाडजूड, बिनखिडकीचा दगडी मनोरा दिसतो. कोणी त्याला बुरूज समजतो, कोणी पडक्या मशिदीचा मिनार. तो असतो ‘गंज’, म्हणजे पाण्याचा मनोरा. तलावाकडून उतारावर आलेले पाणी बंद नळात दाबाखाली असते. दाब वाढला की मातीचा नळ फुटतो. म्हणून वाटेत गंज उभारायचा. पाणी आपल्या पातळीने त्यात वर चढते, दाब मोकळा होतो, गाळ तळाशी बसतो आणि वरचे निवळ पाणी पुढच्या नळात उतरते. तेथूनच वेगवेगळ्या मोहल्ल्यांना फाटे फुटतात. विजापुरात असा एक तरी गंज शोधून त्याच्या भिंतीत बसवलेला नळ पाहा. मला स्वतःला तो पाहताना गोलघुमटाखाली उभे राहण्याइतकाच आनंद झाला. माझ्या सोबतच्या मित्राला झाला नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

एक चकित करणारा धागा येथे येतो. या दक्षिणेकडील नळयोजनेशी एका फारसी शिलालेखातून अफझलखानाचे नाव जोडलेले आहे. होय, तोच. प्रतापगडाच्या पायथ्याशी आपण ज्याला भेटतो तो सरदार, त्याआधी काही वर्षे आपल्या धन्याच्या शहरात लोकांच्या पाण्याची सोय लावत होता. यामुळे १६५९ च्या मोहिमेचा अर्थ बदलत नाही. पण पोवाड्यातला माणूस आणि शिलालेखातला माणूस एकाच देहात राहत होते, एवढे लक्षात ठेवायला हवे.

आता बावड्या. तटाच्या आत विहिरी-बावड्या शेकड्यांनी होत्या. त्यांतल्या दोन चुकवू नयेत. शाहपूर दरवाजाजवळची चांद बावडी पहिल्या अलीच्या काळातली, चांदबिबीच्या नावाची. अहमदनगरच्या तटावर तलवार घेऊन उभी राहिलेली चांदबिबी आपल्याला ठाऊक असते. ती विजापूरची सून होती आणि लहानग्या दुसऱ्या इब्राहिमची पालक म्हणून तिने येथील दरबाराचा पेच सांभाळला, हे सहसा विसरले जाते. दुसरी ताज बावडी, मक्का दरवाजाच्या आतल्या बाजूस, १६२० ची, दुसऱ्या इब्राहिमाची राणी ताज सुलताना हिच्या नावाची. समोर भव्य कमान, तिच्या दोन्ही अंगांना अष्टकोनी मनोरे, कमानीतून खाली उतरणाऱ्या पायऱ्या आणि पुढे भलामोठा चौरस जलाशय. भोवती ओवऱ्या. वाटसरू, व्यापारी, फकीर यांना टेकायला जागा. राणीचे स्मारक बांधायचे तर तेथे प्रवाशाला पाणी आणि सावली मिळावी, ही कल्पना मला फार आवडते. याच राणीच्या स्मरणार्थ सुरू झालेला इब्राहिम रोजा तटाबाहेर जवळच आहे. तो पाहून पायीच बावडीकडे यावे.

ज्यांचे चरण जमिनीवर होते त्यांना बावडी; ज्यांचे नव्हते त्यांच्यासाठी निराळी व्यवस्था. अर्क किल्ल्यात सात मंझिल नावाचा वाडा होता. आज त्याचे वरचे मजले नाहीत, पण उरलेल्या भिंतींत पाण्याच्या नळ्यांचे आणि स्नानकुंडांचे अवशेष दिसतात. वरच्या मजल्यांवर पाणी खेळवलेले होते. समोर जल मंझिल हा छोटा, नक्षीदार जलमंडप आहे. आसार महालापुढे मोठा हौद आहे, तोही बेगम तलावाच्या पाण्यावर भरे. शहरापासून पूर्वेस काही अंतरावर कुमटगी येथे तर सुलतानांचे विश्रामस्थानच होते: तलावाच्या मधोमध मंडप, छतातून पाण्याची सर खाली येईल अशी योजना, आणि भिंतींवर चित्रे, ज्यांत चौगान खेळणारे स्वार आणि कुस्तीगीरही आहेत. पाणी कोणाच्या घरात किती उंच चढते, यावरून त्या घराची प्रतिष्ठा ओळखता यावी असे हे शहर होते. सात मंझिलच्या चौथऱ्यावर उभे राहून भोवतालची जुनी वस्ती पाहिली की हे फार सांगावे लागत नाही.

या पाण्यावर काय फुलले? अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास येथे आला होता. त्याने वर्णिलेला बाजार रुंद आणि लांबच लांब आहे, दुकानापुढे हिरवी झाडे आहेत, जवाहिरे, शस्त्रे, अत्तरे, मद्य यांची रेलचेल आहे. दुकानादुकानापुढे झाड जगवणे हे विजापूरच्या हवेत फुकट होत नाही. त्या वर्णनातली सर्वांत महाग वस्तू मला ती झाडेच वाटतात. जाता जाता एक गंमत. याच असद बेगने विजापुरात तंबाखू प्रथम पाहिली आणि सोन्यारत्नांनी मढवलेल्या चिलमीसह अकबराकडे नेली. मोगल दरबारातील धूम्रपानाचा उगम शोधत जाल तर तुम्ही विजापूरच्या बाजारात पोहोचाल.

सर्वांनाच हे शहर भावले असे मात्र नाही. तॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने विजापूर मोठे आहे पण पाहण्यासारखे काही नाही, अशा अर्थाचे लिहून ठेवले आहे. त्याला लक्षात राहिल्या त्या वाड्याभोवतीच्या खंदकातील मगरी. म्हणजे त्या खंदकात मगरी पोसण्याइतके पाणी होते. इतिहासकाराने तुसड्या साक्षीदारालाही असे कामाला लावावे.

दुसऱ्या इब्राहिमाने १५९९ मध्ये नवी राजधानी वसवायला घेतली: नवरसपूर. संगीताचा वेडा सुलतान, त्याने रचलेला ‘किताब-ए-नवरस’, आणि त्याच शब्दावरून ठेवलेले नगराचे नाव, हे सर्व आपण वाचलेले असते. जागेकडे मात्र कोणी पाहत नाही. नवरसपूर वसले ते तोरवीपाशी, म्हणजे जेथून विजापूरला पाणी येत होते तेथे. सुलतानाने पाण्याच्या उगमाकडेच सरकायचे ठरवले असावे, असा माझा तर्क आहे; तो तर्क म्हणूनच घ्यावा. ते शहर पूर्ण झालेच नाही. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मलिक अंबराने मोगल आणि आदिलशाही अशा जोडफौजेचा धुव्वा उडवला. शहाजीराजे या लढाईत अंबराच्या बाजूने लढले, त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. त्यानंतर अंबर थेट विजापूरवर चालून आला. तट असलेले विजापूर तगले. तट नसलेले नवरसपूर लुटले गेले. संगीत महालाचे उघडे अवशेष आजही तोरवीच्या शिवारात उभे आहेत. रिक्षावाल्याला ‘तोरवी, संगीत महाल’ एवढे सांगितले तरी पुरते.

येथवर वाचणाऱ्यांना वाटेल की ही एका सुखी शहराची गोष्ट आहे. आता तिची काळी बाजू.

विजापूरचा खरा तट दगडाचा नव्हता. तो तटाबाहेरचा कोरडा पट्टा होता. आत बावड्या, हौद, नळ. बाहेर मैलोगणती उघडा माळ. वेढा घालणाऱ्या फौजेत हजारो माणसे, घोडे, हत्ती, बैल. त्यांना रोज पाणी आणि चारा लागणार. तो मिळू दिला नाही तर तोफा न डागताच वेढा उठतो. आदिलशाही मुत्सद्द्यांनी हे गणित पक्के केले होते. १६३१ मध्ये मोगल सेनापती आसफखान वेढा घालून बसला आणि रसदीअभावी परतला. १६३६ मध्ये शाहजहानच्या फौजा तिन्ही बाजूंनी राज्यात शिरल्या, तेव्हा मुहम्मद आदिलशाहाने शाहपूरच्या तलावाचा बांध फोडून भोवतालचा मुलूख जलमय केला आणि आसपासची खेडी उजाड केली.

तिसरा प्रसंग आपल्या अधिक जवळचा. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला, आणि वर्षाअखेर मिर्झाराजे जयसिंग विजापूरवर निघाले. तहाप्रमाणे शिवाजी महाराज आपल्या सैन्यासह त्यांच्याबरोबर होते. नेताजी पालकर होते. फौज शहरापासून दहा-बारा मैलांवर पोहोचली. दुसऱ्या अली आदिलशाहाने तोवर नवरसपूर आणि शाहपूरचे तलाव रिकामे करवले होते, विहिरी निकामी केल्या होत्या, झाडे तोडली होती, शिवारे ओसाड केली होती. जयसिंगाजवळ तट फोडण्याजोग्या जड तोफा नव्हत्या, आणि त्या येईपर्यंत तग धरायला पाणीही नव्हते. जानेवारी १६६६ च्या पहिल्या आठवड्यात त्याने माघार घेतली. महाराज तेथून पन्हाळ्याकडे रवाना झाले. पुढे आग्रा प्रकरण घडले, त्याची पार्श्वभूमी हीच फसलेली मोहीम. मला नेहमी वाटते, की पस्तिशीतल्या महाराजांनी त्या कोरड्या माळावर जे पाहिले ते त्यांच्या नजरेतून सुटले नसेल. रायगडावरील तलाव आणि टाकी मोजताना ही मोहीम मला आठवते.

या प्रसंगाचे वर्णन करताना आपण ‘मुत्सद्देगिरी’ हा शब्द पटकन वापरतो. मीही एका चर्चासत्रात तो वापरला होता. तेव्हा मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, “विहिरी बुजवल्या त्या कोणाच्या होत्या?” मला उत्तर देता आले नाही. विहिरी रयतेच्या होत्या. तलावाखालची शेते कुणब्यांची होती. तोडलेली आंब्या-चिंचेची झाडे दोन पिढ्यांनी वाढवलेली होती. तटाच्या आत चांद बावडी तुडुंब भरलेली असताना तटाबाहेरच्या गावाने आपली विहीर आपल्याच सुलतानाच्या माणसांनी बुजवलेली पाहिली. मोगल परतले, विजापूर वाचले. तो उन्हाळा त्या गावांनी कसा काढला हे कोणत्याही फारसी तवारिखेने सांगितलेले नाही. दरबारी इतिहास तटाच्या आत बसून लिहिला जातो. आपणही विजापूर पाहताना बहुतेक वेळ तटाच्या आतच असतो.

ही युक्ती कायमची चालणारी नव्हतीच. एप्रिल १६८५ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने शेवटचा वेढा घातला. काही महिन्यांतच मोगल छावणीत धान्याचे हाल सुरू झाले, बादशहाने शहजादा आझमला मागे फिरण्यास कळवले, शहजाद्याने नकार दिला. नेहमीप्रमाणे वेढा उठण्याची वेळ आली होती. पण या वेळी फिरोजजंग गाजीउद्दीन धान्याने लादलेल्या बैलांचा तांडा घेऊन पोहोचला. हाच फिरोजजंग हैदराबादच्या पहिल्या निजामाचा बाप. पुढच्या वर्षी बादशहा स्वतः आला. पाऊस दगा देऊन गेलेला, शहरात टंचाई, किल्ल्यात मोजकी शिबंदी. १२ सप्टेंबर १६८६ रोजी अठराएक वर्षांचा सिकंदर आदिलशाह शरण आला. जी राजधानी शत्रूला तहानेने आणि भुकेने मारत आली होती, ती सतरा-अठरा महिन्यांनी त्याच शस्त्राने पडली.

यानंतर शहर पुसले गेले ते लढाईने नव्हे. दोनच वर्षांत प्लेगची साथ आली. औरंगजेबाची बेगम औरंगाबादी महल हिचाही त्या साथीत विजापुरातच मृत्यू झाला. दरबार गेला, त्याबरोबर सरदार गेले, कारागीर गेले. खापरी नळाचे एक वैशिष्ट्य असे, की तो सतत निगा मागतो. झाडाचे मूळ आत शिरते, सांधा निखळतो, गाळ बसतो. उच्छ्वासात उतरणाऱ्या माणसाचा पगार जोवर कोणी देत असते तोवरच नळ जिवंत. १७६० मध्ये विजापूर निजामाकडून पेशव्यांकडे आले, १८१८ नंतर सातारच्या छत्रपतींकडे, १८४८ मध्ये इंग्रजांकडे. यांपैकी कोणाचीही ही राजधानी नव्हती. पडक्या वाड्यांचे लाकूड आणि दगड निघत राहिले. १८७६-७८ च्या दुष्काळात तेव्हाच्या कलादगी जिल्ह्याची, ज्यात विजापूर येते, दैना झाली. १८८५ मध्ये जिल्ह्याचे ठाणे कलादगीहून विजापूरला आले आणि जुन्या महालांत इंग्रजी कचेऱ्या थाटल्या गेल्या.

आता गोलघुमट. मुहम्मद आदिलशाहाची ही कबर. १६५६ मध्ये तो वारला तेव्हा काम बरेचसे झालेले होते. आतील व्यास सुमारे ३८ मीटर, मध्ये एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी चौकोनाचे वर्तुळ केले आहे. आपण पाहतो ती भिंत म्हणजे दगड, विटा आणि चुना. चुना भिजवावा लागतो, घाणीत मळावा लागतो, चढवलेले बांधकाम ओले ठेवावे लागते. एवढ्या घुमटाला किती पाणी प्यायला लागले असेल याचा हिशेब मी मांडलेला नाही. मात्र बेगम तलाव आणि हा घुमट एकाच सुलतानाच्या कारकिर्दीतले आहेत, हे वर चढताना आठवावे. दुसऱ्या अलीची बारा कमान ही याच घुमटावर ताण करू पाहणारी कबर. तो १६७२ मध्ये वारला, गादीवर चार वर्षांचे मूल बसले, आणि कमानी छताविना उभ्या राहिल्या.

साठ कबरींबद्दलही विचारणा झाली होती. शहराच्या पश्चिमेस एकसारख्या कबरींच्या रांगा आहेत. अफझलखानाने प्रतापगडच्या मोहिमेपूर्वी आपल्या बायकांना विहिरीत ढकलून मारले, अशी कथा तेथे सांगतात. कथेतील बायकांची संख्या आणि कारण सांगणाऱ्यागणिक बदलते. कबरी खऱ्या आहेत. कथा मला पुराव्याने सिद्ध झालेली वाटत नाही. तेथे जाऊ नका असे म्हणणार नाही, पण चित्रफितीवर ठळक अक्षरांत ‘सत्य’ असे लिहू नका.

तर क्रम असा ठेवा. पहाटे तोरवी आणि संगीत महाल, ऊन चढण्याआधी. मग इब्राहिम रोजा, मक्का दरवाजा, ताज बावडी. वाटेत एखादा गंज. दुपारी अर्क किल्ला: गगन महालची प्रचंड कमान, सात मंझिल, जल मंझिल, थोडे पलीकडे आसार महालाचा हौद. चार वाजता गोलघुमट. त्याच्या आवारातील नक्कारखान्यातले संग्रहालय बंद होण्याच्या वेळा आधी विचारून घ्या. जमल्यास शेवटी सिकंदरची कबर शोधा. १७०० मध्ये साताऱ्याजवळ औरंगजेबाच्या छावणीत, कैदेतच तो वारला, आणि त्याला येथे आणून पुरले. घुमट नाही, कमान नाही, उघड्यावर एक साधी पांढरी कबर. आम्ही विचारत गेलो तेव्हा गल्लीतल्या एका आजींनी वाट दाखवली आणि आधी तांब्याभर पाणी प्यायला दिले. विजापूरला आज पाणी येते ते मुख्यतः कृष्णेवरून.

तुमच्या गावात जुना खापरी नळ, उच्छ्वास किंवा पाण्याचा मनोरा असेल तर त्याचे छायाचित्र खाली टाका. गावाचे नाव आणि तो नेमका कोठे आहे हे जरूर लिहा. पुढचा धागा त्यांवरच करण्याचा विचार आहे.